नदीचं पाणी तळ्यात घेताना

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांचा आहे. तरुणांसाठीचं उद्योजकता प्रशिक्षण नुकतंच पूर्ण केलं आणि रोहू, कटला, मृगळ यांचं तळं करायचं ठरवलं. पाणी जवळच्या नदीतून उपसणार. प्रकल्प अहवालात पाण्याबद्दल एवढंच लिहिलंय : ‘स्रोत – नदी’. नदीत मायक्रोप्लास्टिक असतं हे वाचल्यापासून मन धास्तावलंय. बेत सोडून देऊ का? आणि गिऱ्हाईकानं विचारलं तर काय सांगू?

उत्तर : बेत सोडू नका. अहवालातली ती ओळ मात्र आधी वाढवा.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे 5 मिलिमीटरहून लहान प्लास्टिक. कपडे धुताना सुटलेले पॉलिएस्टरचे तंतू, टायरची झीज, उन्हानं ठिसूळ होऊन चुरा झालेल्या पिशव्या, हे सगळं त्यात आलं. पंपाच्या पाण्याला 60 नंबरची जाळी लावा असं तुम्हाला शिकवलं असेल. जरूर लावा. नदीतले मांसाहारी मासे आणि त्यांची पिल्लं तिच्यामुळे बाहेर राहतात. पण त्या जाळीचं भोक साधारण पाव मिलिमीटरचं, आणि कपड्यातला तंतू केसाहून बारीक. तो आरपार जातो.

जाळीपेक्षा जास्त फरक पडतो तो पाणी केव्हा उचलता यानं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आसपासच्या नद्यांचा तळ पुराच्या आधी आणि नंतर तपासला गेला. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तळाशी साठलेलं जवळजवळ 70 टक्के मायक्रोप्लास्टिक पुरानं वाहून नेल्याचं दिसलं. नदी जे तळाशी साठवत जाते, ते पुरात एकदम सोडून देते. आपल्याला मोह होतो तो नेमका त्याच पाण्याचा, कारण तेव्हा ते भरपूर असतं. पहिल्या लोंढ्याचं गढूळ पाणी घेऊ नका, नदी निवळू द्या. त्यानंतरही पाणी आधी एका वेगळ्या खड्ड्यात घ्या, दोन-तीन दिवस स्थिर ठेवा आणि मगच तळ्यात सोडा. तळाशी बसलेलं ढवळलं जाणार नाही अशा बेतानं सोडा. जड कण खाली राहतील. तरंगणारे आणि अगदी बारीक तंतू तरीही येतील. मोठ्या रस्त्याचं पावसाचं पाणी जिथे नदीला मिळतं, त्याच्या खालच्या अंगाला पंप बसवू नका. अमेरिकेच्या वायव्य भागात पाऊस पडला की ओढ्यांत चढून आलेले कोहो सामन मासे मरत. टायरमधल्या एका रसायनापासून बनणारं विष त्यामागे आहे, हे 2020 मध्ये कळलं.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. नदीकडे बोट दाखवण्याआधी आपला बांध बघा. खाद्याची रिकामी पोती मी कित्येक वर्षं बांधावरच टाकून ठेवत होते. एका उन्हाळ्यात ती गोळा करायला गेले, तर हात लावताच पोत्यांचा भुगा झाला. पांढऱ्या पट्ट्यांचे तुकडे वाऱ्यानं पाण्यावर पसरले होते आणि कटला वरच्या थरातच चरत होता. त्या दिवशी फार वाईट वाटलं. नदीतून आलं ते माझ्या हातात नव्हतं, हे पूर्ण माझ्या हातात होतं. तेव्हापासून पोतं रिकामं झालं की घडी करून छपराखाली जातं. तुटकी जाळी, दोरांची टोकं, फाटकी ताडपत्री यांसाठी वेगळा डबा ठेवलाय. मासे काढल्यावर तळं वाळवा आणि वरचा गाळ काढा, कारण कण शेवटी तिथेच बसतात आणि मृगळ तळाशीच खातो. तो गाळ किंवा तळ्याचं गढूळ पाणी नदीत ढकलू नका. तुमच्या खालच्या अंगालाही कुणाचा तरी पंप असेल.

गिऱ्हाईकाला खरं सांगा. माशात सापडणारं मायक्रोप्लास्टिक बहुतेक आतड्यात असतं, आणि मोठा मासा साफ करताना ते निघून जातं. आतड्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान माशांची गोष्ट वेगळी. ‘आमच्या माशात प्लास्टिक नाही’ असं मात्र कधीही म्हणू नका.

प्रश्न : बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) विकत घेण्याऐवजी नदीतूनच बीज धरलं तर?

उत्तर : नको. नदीतल्या बिजात नको त्या जातींची पिल्लं मिसळलेली असतात आणि ती लहान असताना ओळखू येत नाहीत. पूर्वी नाइलाज होता, कारण बीज मुख्यतः नदीतूनच मिळे. 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन रोहू-मृगळसारख्या कार्प माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हा ती अडचण सुटण्याची वाट खुली झाली. खात्रीच्या केंद्रातून एकसारख्या आकाराची, चपळ बोटुकली घ्या.

प्रश्न : आम्ही तरुणांसाठी उद्योजकता शिबिरं घेतो. मत्स्यशेतीला अर्धा दिवस मिळतो. त्यात काय शिकवावं?

उत्तर : तो अर्धा दिवस पहाटे पाचला सुरू करा, आणि तळ्यावर. खर्च-उत्पन्नाचा तक्ता मुलं घरी बसूनही भरतील. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री स्वतःच वापरतं, म्हणून उजाडण्याच्या सुमारास पाण्यात तो सर्वांत कमी असतो. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असावा, हे वहीत लिहून घेणं सोपं आहे. माझ्या पहिल्या वर्षी सलग दोन दिवस आभाळ होतं. तिसऱ्या पहाटे पोचले तेव्हा सगळे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करत होते. मी आदल्या संध्याकाळी त्यांना रोजच्याएवढंच खाद्य घातलं होतं. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, नव्हता. दुपारपर्यंत मेलेले मासे काढत होते. ते तक्त्यात कुठेच नव्हतं.

मुलांना पाण्याजवळ बसवा आणि मासे वर येतात का ते बघू द्या. जवळच्या नदीचं पाणी आदल्या दिवशी काचेच्या बरणीत भरून ठेवा आणि तळाशी काय बसलंय ते भिंगातून दाखवा. ऊन वर आलं की प्रत्येकाला हात कोपरापर्यंत तळ्यात बुडवायला सांगा. तळहात जेमतेम दिसेनासा झाला तर नैसर्गिक खाद्य पुरेसं आहे, त्याच्या कितीतरी आधीच दिसेनासा झाला तर शेवाळ वाढलंय, त्या दिवशी खाद्य आणि खत दोन्ही थांबवायचं.