एमटीबीचं मागचं चाक वाकलंय, नवीन कुठलं घेऊ आणि घरी बसवता येईल का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं की सायकल (एमटीबी म्हणजे माउंटन बाईक) 27.5 इंची चाकांची, 21 गिअर, मेकॅनिकल डिस्क, मागचं चाक नटांवर बसणारं, खड्ड्यात आपटून रिम वाकली आणि गिअरच्या बाजूच्या तारा तुटल्या, आणि मिस्त्री म्हणतोय आख्खं चाकच बदला. बरोबर म्हणतोय तो. नुसत्या तारा तुटल्या असत्या तर नवीन टाकता आल्या असत्या, थोडाफार आऊट असेल, म्हणजे चाक फिरताना डुगडुगत असेल, तर तोही निघतो, पण रिमच चेपली की तारा कितीही ओढा, एक सैल एक घट्ट असंच राहतं आणि मग एकेक करून परत तुटायला लागतात.

आता चाक कुठलं. दुकानात जाऊन नुसतं "27.5 चं मागचं चाक द्या" म्हणू नका, कारण तो देईल आणि घरी आल्यावर ते फ्रेममध्ये बसणार नाही. रिमच्या मापावर फक्त टायर बसतो, सायकलला चाक बसणार की नाही ते हबवर, म्हणजे तारा जिथून निघतात त्या चाकाच्या मधल्या भागावर, असतं. त्यामुळे जुनं चाक काढा, पट्टी घ्या आणि एक्सल (हबमधून आरपार जाणारा दांडा) जिथे बसतो त्या फ्रेमच्या दोन खाचांच्या मधलं अंतर आतून आतून मोजा. तुमच्यासारख्या सायकलला बहुतेक 135 मिमी निघेल. महागड्या नवीन एमटीबींना 142 नाहीतर 148 असतं आणि तिथे नट नसतात, 12 मिमीचा थ्रू एक्सल आरपार जातो, ते चाक तुम्हाला स्वस्तात मिळालं तरी काही उपयोगाचं नाही. आणि पाच-सात मिमीचा फरक असेल तर "फ्रेम जरा फाकवून बसवू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तर अजिबातच नाही.

दुसरं, मागचा गिअरचा गठ्ठा फ्रीव्हील आहे की कॅसेट. फ्रीव्हील हबच्या आट्यांवर आख्खं फिरवून बसतं, कॅसेट हबच्या खाचा असलेल्या बॉडीवर सरकवून बसते. 21 गिअर म्हणजे मागे सात, त्यामुळे बहुतेक आट्यांवर बसणारं फ्रीव्हीलच असणार, पण खात्री करून घ्या. चाक हातात धरून गिअर उलटे फिरवा आणि सगळ्यात छोट्या गिअरच्या आतला दातेरी गोल बघा. तो गिअरबरोबर फिरला तर कॅसेट, जागेवर राहिला तर फ्रीव्हील. दोघांचे हब पूर्ण वेगळे, एकाचं दुसऱ्यावर चढत नाही. फ्रीव्हीलच्या हबची एक खोड आहे, उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात आणि तिथून पुढे एक्सल एकटाच लोंबकळतो, म्हणून वजनदार माणूस किंवा टेकडीवर दगडांतून उड्या मारणारा असेल तर एक्सल वाकतो, कधी तुटतो. तुमचं तसं चालवणं असेल तर सरळ कॅसेटचा हब असलेलं चाक घ्या. 8/9/10 स्पीडच्या शिमानो बॉडीवर 4.5 मिमीचा स्पेसर (जागा भरणारं कडं) टाकून सात गिअरची कॅसेट बसते, शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आणि डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेच चालतात. नुसतं ऑफिस आणि रविवारची राईड असेल तर एवढा खर्च कशाला, फ्रीव्हीलवालंच घ्या.

बाकी हबला डिस्कसाठी सहा बोल्टची भोकं हवीत, रिमवर 584 लिहिलेलं हवं (हे 27.5 च्या रिमचं मिमीतलं माप, तुमच्या टायरवरही तोच आकडा असेल), व्हॉल्व्हचं भोक तुमच्या ट्यूबला जमणारं हवं, आणि 36 तारांचं मिळालं तर 32 पेक्षा बरं. बस.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात समजा: जुन्या चाकाच्या तारा कापायच्या आधी फ्रीव्हील काढा. पेडल मारून मारून ते स्वतःच आवळलं गेलेलं असतं, निघता निघत नाही. रिमूव्हर (फ्रीव्हील काढायचं हत्यार) टेबलावरच्या व्हाइसमध्ये पकडायचा, चाक त्यावर आडवं बसवायचं आणि रिम दोन्ही हातांनी धरून ट्रकच्या स्टिअरिंगसारखी डावीकडे फिरवायची. तारा कापल्या की पकडायला नुसता हब उरतो, मग बसा झगडत.

नवीन चाक आलं की सायकलला लावायच्या आधी एक्सल दोन बोटांत धरून हळू फिरवून बघा. स्वस्तातल्या चाकांचे कोन (एक्सलवरचे, छर्रे जागेवर धरणारे नट) बऱ्याचदा आवळूनच येतात, बोटांना खरखर लागते किंवा मध्येच अडकल्यासारखं होतं. तसं असेल तर कोन थोडा सैल करून घ्या, नाहीतर थोड्याच दिवसांत छर्रे आणि कटोरी दोन्ही जातील. मग आट्यांना ग्रीस लावा, फ्रीव्हील आधी उलटं फिरवा, आटे जुळल्याचं हाताला कळतं, तिथून सुलटं हातानेच घट्ट करा, पुढचं पेडल मारताना आपोआप होतं. हात साबणाने धुवा आणि मगच डिस्कला हात लावा, ग्रीस लागलं की ब्रेक गेलाच म्हणून समजा. डिस्कचे बोल्ट टी-25 च्या चावीने समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे.

बसवताना शिफ्टर सगळ्यात छोट्या गिअरवर, डिरेलर हाताने मागे ओढून चेन छोट्या गिअरवर, डिस्क पॅडच्या मध्ये. नट आवळताना सायकल उलटी नको, सरळ उभी करा म्हणजे वजनाने एक्सल खाचेत पूर्ण वर बसतो, मग 15 चा पाना घेऊन दोन्ही बाजू आलटून पालटून. डिरेलर वेगळ्या हुकावर असेल तर त्याचा छोटा नट-बोल्ट असतो, त्याला हात लावू नका. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे (ज्यात ब्रेकचे पॅड असतात त्या भागाचे) दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि तसेच आवळा, तरीही घासली तर आतला न हलणारा पॅड त्याच्या स्क्रूने किंचित मागे घ्या. हब बदलला की गिअर एखाद-दोन मिमी इकडेतिकडे होतात, त्यामुळे डिरेलरचे एच आणि एल स्क्रू (एच छोट्या गिअरकडे, एल मोठ्या गिअरकडे चेन किती जाईल ते रोखतो) बघावेच लागतात, विशेषतः एल, नाहीतर मोठ्या गिअरवर टाकताना चेन थेट तारांत. सुरुवातीच्या काही राईडनंतर तारा थोड्या सैल पडतात तेव्हा मिस्त्रीकडून एकदा आऊट काढून घ्या.

आणि नवीन फ्रीव्हील टाकलंत आणि जोर लावला की चेन उडी मारतेय असं झालं तर चाकाला शिव्या घालू नका, चेन ताणली गेलीय. 12 पूर्ण कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात, पट्टीवर एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त, म्हणजे बारा आणि सव्वाबाराच्या मधोमध गेली असेल तर ती चेन नवीन फ्रीव्हीलवर चढवूच नका.