पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला, दारात उभा असताना

जुने कागद, वह्या, फोटो यांबद्दल वाचक विचारतात आणि ग्रंथालयात ३१ वर्षं धूळ झटकलेली मी बडोदेकरीण जमेल तसं सांगते. या वेळी तीन पत्रं.

प्रश्न: आजोबांच्या हिशेबाच्या वहीत आश्विनाच्या पानावर 'शके १८५५, संवत १९८९' आहे आणि लगेच पुढे कार्तिकात 'शके १८५५, संवत १९९०'. आजोबांच्या इंदूरच्या बहिणीचं त्याच वर्षीच्या श्रावणातलं पत्र मात्र आधीच संवत १९९० म्हणतं. चुकलं कोण?

उत्तर: कोणीच नाही. आजोबा शक महाराष्ट्राचा लिहीत होते आणि संवत गुजरातचा. बडोद्यातल्या मराठी घरांत ही सरमिसळ सर्रास दिसते. गुजराती संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो, माळव्यातला चैत्रात. त्यामुळे तिन्ही कागद १९३३चेच. शकात ७८ मिळवा, तिथी १ जानेवारीनंतरची असेल तर ७९. गुजराती संवतातून दिवाळीच्या पाडव्यापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, एरवी ५६. इंदूरच्या पत्रावर वद्य पक्षातली तिथी असेल तर मात्र जपून. आजी तिथल्या उत्तरेकडच्या पंचांगाने चालत असतील, तर त्यांचा श्रावण वद्य म्हणजे आपला आषाढ वद्य. एका महिन्याचा घोळ होतो आणि मग घरात कोण आधी जन्मलं यावरून भांडणं लागतात.

प्रश्न: फोटोमागे बॉलपेनने नावं लिहिली तर चालतील का?

उत्तर: नको. दाबून लिहिलेलं पुढे उमटतं आणि शाई थप्पीतल्या खालच्या फोटोला लागते. जुन्या जाड फोटोवर मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. नंतरच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. ते फोटो कागदी पाकिटात ठेवा आणि नावं पाकिटावर लिहा, फोटो आत सरकवण्याआधी. आणि नुसतं 'आई' लिहू नका. कोणाची आई?

प्रश्न: आमच्या मंडळाचं सायक्लोस्टाइल, म्हणजे मेणकागदी स्टेन्सिलवर अक्षरं कोरून त्यातून शाईने छापलेलं, वार्तापत्र १९७१पासून २२ वर्षं निघत होतं. स्टेन्सिल आमचे यजमान कापायचे, पिना मी मारायचे. ते आता नाहीत. दोन ट्रंका भरून अंक आहेत. मुलगा म्हणतो, महत्त्वाचे चार ठेव, बाकी पस्तीत दे. खरं सांगू, त्यात असं आहे तरी काय? मुंजी, बारशी, नळाची वेळ, कोण बोर्डात आलं, कोण गेलं. – दांडिया बाजारातल्या एक काकू

उत्तर: काकू, मुलाला म्हणावं, 'महत्त्वाचे' चार तूच निवडून दाखव. बसेल बिचारा रात्रभर.

बडोद्यात मराठी साहित्य संमेलन चार वेळा भरलं: १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८. १९२१ला न. चिं. केळकर अध्यक्ष होते, हे पाहायला तुमची ट्रंक उघडायला नको. १९१०मध्ये सयाजीरावांनी बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावले, लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी फिरायला लागली. तेही दप्तरी नोंदलेलं आहे. पण संमेलनाच्या पाहुण्यांपैकी कोण कोणाच्या वाड्यात उतरलं, पंक्तीत कोणी वाढलं, पाणी पुरलं का? दरबार असल्या गोष्टी लिहून ठेवत नसतो. त्या तुमच्या यजमानांसारखी माणसं लिहितात, रविवारी दुपारी, ओटल्यावर बसून. नळाची वेळ पहाटे चारची होती हे ज्या अंकात आहे, त्यात त्या गल्लीतल्या बायका कधी उठत होत्या हेही आलं.

निवडक ठेवण्याची हौस मलाही होती. नोकरीच्या सुरुवातीला मी शहरातल्या बातम्यांची चिकटवही केली. कात्रणं सुरेख कापली, सेलोटेपने डकवली आणि तारीख लिहिली नाही, कारण 'लक्षात राहील'. पुढे टेप वाळून गळून पडला, त्याचा तपकिरी डाग तेवढा कागदात मुरला. सुटलेल्या कात्रणांत एक कुठल्याशा मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकाचं. साल कुठलं, काही केल्या आठवेना. उलटं करून पाहिलं तर मागे अर्धी सूचना: 'मोरबीच्या पूरग्रस्तांसाठी जुने कपडे'. मोरबी बुडवणारं मच्छू धरण फुटलं ११ ऑगस्ट १९७९ला, म्हणजे गणपतीही त्याच वर्षीचे. मी फेकून द्यायची बाजू समजत होते तिनेच मला साल सांगितलं. म्हणून अंक अख्खा ठेवायचा, कात्रण करायचं नाही.

आता हाताने करायचं ते. आधी पिना काढा. गंज कागद खातो. उपसताना नखं लावू नका, पाय मागून उघडा आणि सरळ करून ओढा. अंक सालाप्रमाणे लावून कागदी फायलीत आडवे ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, पावसाळ्यात त्यांना आतून घाम येतो. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला पानांत घालू नका. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा सगळं बाहेर काढून पानं चाळली तर जास्त फायदा. आणि ट्रंका जमिनीवरून हलवा. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी मगरींसकट कुठकुठल्या सोसायट्यांत शिरली ते आपण पाहिलंय. मगरीला वार्तापत्र वाचायचं नसतं. तरी भिजलंच काही, तर चिकटलेली पानं ओढू नका, उन्हातही टाकू नका. मध्ये कोरा टिपकागद घाला, तो बदलत राहा, वर पंखा.

मुलाला पस्तीवाल्याकडे पाठवण्याऐवजी खिडकीशी बसवा. फोनचा फ्लॅश बंद, ऊन कागदावर थेट नको, प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू, कोरी असली तरी. फोटोंना साल आणि महिना हेच नाव द्यायचं. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. मूळ संच ग्रंथालयाला द्यायचा झाला तर सलग द्या आणि अंकांच्या यादीवर लेखी पोच घ्या. 'ठेवा तिथे कोपऱ्यात' असं कोणी म्हणालं तर संच उचलून घरी या. फोनवर गावभर पाठवताना मात्र कोणाचं आजारपण, कोणाला मंडळाने केलेली मदत, ही पानं मागे ठेवा. ती माणसं नसली तरी त्यांची नातवंडं इथेच आहेत.

आणि यजमान स्टेन्सिल हाताने कापायचे ना? मग दोन्ही ट्रंकांत त्यांचं अक्षर आहे. मुलाला हे सुचलं नसेल.

आता माझं एक काम. ते नाटकाचं कात्रणही सायक्लोस्टाइलचंच आहे. त्यात 'व'च्या पोटातला स्टेन्सिलचा कागद जागोजागी गळलाय आणि तिथे शाईचा काळा ठिपका बसलाय. तुमच्या यजमानांचा 'व' असा उमटायचा का? तसं असेल तर १९७९चा गणपतीचा अंक उघडून बघा. नाटकात सासूचं काम एका पुरुषाने केलं आणि लोक हसून हसून बेजार झाले असं लिहिलंय, पण त्याचं नाव माझ्याच कात्रीने अर्धं कापलं गेलंय. 'गोविं' एवढंच उरलंय.