एकच लॉगिन, पण घड्याळं जुळलेली हवीत

प्रश्न : आमच्या विद्यापीठात ग्रंथालयाचं कोहा, अभ्यासक्रमाचं मूडल, निकालाची प्रणाली आणि वायफाय, सगळ्यांचे पासवर्ड वेगळे. आता कीक्लोक (सगळ्या प्रणालींसाठी एकाच ठिकाणी लॉगिन तपासणारं सॉफ्टवेअर) बसवून एकच लॉगिन करायचं ठरलंय. सुरुवात कुठून करावी?
— संगणक कक्ष कर्मचारी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : कीक्लोक नंतर, आधी माणसांची यादी. प्रत्येकाची नोंद एकदाच आणि तिला कधीही न बदलणारा अंतर्गत क्रमांक. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) किंवा कर्मचारी क्रमांक ही त्या नोंदीतली माहिती ठेवा, ओळख नव्हे. आजचा विद्यार्थी उद्या तिथेच प्रयोगशाळा सहायक होऊ शकतो. ईमेल तर ओळख म्हणून मुळीच नको. लग्नानंतर आडनावाबरोबर ईमेल बदलला की मूडल त्या मुलीला नवखी समजून रिकामं खातं उघडतं आणि तिचे स्वाध्याय जुन्या खात्यात अडकतात.

जुनी खाती जोडताना नुसतं नाव पाहू नका, जन्मतारीखही जुळवा. एकच सावंत एका यादीत ‘व्ही’ने असतो, दुसरीत ‘डब्ल्यू’ने. उरतील त्या नोंदी हातानेच तपासायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर वर्षभर निस्तरत बसाल.

मे महिन्याच्या सुट्टीत आधी मूडल जोडा, मग कोहा. निकालाची प्रणाली शेवटी. वायफायचा हिशेब वेगळा : तिथे ब्राउझर लॉगिनच्या पानावर जात नाही, त्यामुळे रेडियस सर्व्हर (वायफायसाठी नाव-पासवर्ड तपासणारा) लागेल. पासवर्ड तोच राहील, पण वायफायला जोडताना तो पुन्हा टाकावा लागेल.

प्रश्न : चाचणी सुरू आहे. पावसात रात्रभर वीज गेली की सकाळी पासवर्ड बरोबर असूनही मूडल कोणालाच आत घेत नाही. कोहा मात्र चालतं. मूडल सॅमलने (लॉगिनची माहिती एका प्रणालीतून दुसरीत पोहोचवण्याची पद्धत) जोडलंय.
— तेच वाचक

उत्तर : मूडलच्या सर्व्हरचं घड्याळ बघा. ‘याचं लॉगिन झालंय’ अशी जी साक्ष कीक्लोक सॅमलमधून पाठवतं तिची मुदत काही मिनिटांचीच असते. घड्याळ मागे-पुढे असलं की मूडल ती नाकारतं. यूपीएस संपून यंत्र बंद पडलं आणि मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल उतरलेला असला, तर वेळ भलतीच होते. नवा सेल ३ व्होल्टचा असतो, मोजून २.६च्या खाली गेला असेल तर बदला. सर्व्हर आभासी यंत्र (दुसऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने चालवलेलं) असेल तर मूळ यंत्राचा सेल पाहायचा.

मग सगळ्या सर्व्हरवर क्रोनी (घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर) बसवा आणि त्यात ‘मेकस्टेप १ ३’ ही, सुरुवातीलाच वेळ एकदम दुरुस्त करणारी ओळ असू द्या. नाहीतर मोठा फरक ते हळूहळू भरून काढतं आणि तोवर सगळे बाहेरच. फायबर तुटून इंटरनेट गेलं तरी सर्व्हर आपसांत जुळलेले राहावेत म्हणून एकाला स्थानिक वेळ-सर्व्हर करा. वेळ हाताने लावायचीच झाली तर टाइमझोन आधी तपासा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असताना भारतीय वेळ टाकली की साडेपाच तासांचा घोळ होतो. मूडलमध्ये घड्याळांतला फरक चालवून घेण्याची मर्यादा तासाभराची करणं हा उपाय नव्हे. चोरलेली साक्षही मग तेवढा वेळ चालते.

आणि प्रत्येक प्रणालीत कीक्लोकशिवाय चालणारं एक प्रशासक खातं ठेवा, पासवर्ड बंद पाकिटात.

प्रश्न : प्रयोगशाळेत एक मुलगा मूडलमधून बाहेर पडला, तरी पुढच्याला कोहात त्याचंच खातं दिसलं. हे कसं?
— प्राध्यापिका, सिंधुदुर्ग

उत्तर : मूडलचं सत्र (लॉगिन चालू असण्याचा काळ) संपलं, कीक्लोकचं नाही. मूळ मांडणीत ते काही हालचाल नसेल तर ३० मिनिटांनी संपतं, एरवी १० तास चालू शकतं. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर ब्राउझर पाहुणा पद्धतीनेच (गेस्ट मोड) उघडेल असं करा आणि उठताना सगळ्या खिडक्या बंद करायला सांगा. सामायिक लॉगआउट सुरू करता येतं, पण एखादी प्रणाली ते पाळत नसेल तर तिथलं सत्र तसंच राहतं.