परदेशी व्यापार खुला झाला की देशातली गरीब-श्रीमंत दरी वाढते का?

पुस्तकी उत्तर: आपल्यासारख्या देशात नाही. १९४१ चा स्टोल्पर-सॅम्युएलसन सिद्धांत सांगतो की मजूर मुबलक असलेल्या देशात व्यापार वाढला की मजुरी वाढते. म्हणजे दरी कमी व्हायला हवी. १९९१ ला व्यापार खुला झाल्यानंतर आपल्याकडे मात्र दरी वाढली.

तासगावची द्राक्षं बघा. युरोपला माल धाडायचा तर बागेची नोंदणी, औषधांच्या अंशाची तपासणी, शीतगृह सगळं आलं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि आपला माल तिकडे अडकला. असा दणका पाण्याचा, पैशाचा आधार असलेला बागायतदारच पचवतो. कोरडवाहूवाला या खेळात नसतोच. विरळणीला येणाऱ्या बायकांना काम मिळतं, हे खरं. पण निर्यातीचा भाव चढला म्हणून त्यांचा रोज चढतो असं नाही.

अर्थतज्ज्ञ पेटिया टोपालोव्हा यांच्या भारतावरच्या अभ्यासात, आयात शुल्क कपातीची झळ जास्त लागलेल्या ग्रामीण जिल्ह्यांत गरिबी इतरांपेक्षा सावकाश घटली. एक धंदा बसला म्हणून माणूस लगेच दुसऱ्या धंद्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात जात नाही, हे त्यामागचं मोठं कारण.

तरी सगळं खापर व्यापारावर फोडू नका. नव्या तंत्रज्ञानाने शिकलेल्यांचे पगार वाढवले, त्याचाही या दरीत बराच हात आहे.