उद्या सकाळी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. घरून निघताना काय काय तयारी करावी?

पिशवीत काय भरायचं ते बाकीचे सांगतील. मी एवढंच विचारते, उद्या पहाटे आईजवळ कोण असणार आहे? ते आजच ठरवा.

आम्ही एरंडोलचे. सासूबाईंच्या पित्तातल्या खड्यांचं ऑपरेशन जळगावला होतं, सकाळी नऊला. आदल्या रात्री घर पाहुण्यांनी भरलेलं, वरण-बट्टीचा बेत. सासूबाईंना मी आठलाच मऊ खिचडी वाढली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, आता सकाळी यांना काही द्यायचं नाही. सहाला मी अंघोळीला गेले, तेवढ्यात नणंदबाईंनी त्यांना दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं दिली. ‘घोटभर चहानं काय व्हस?’

भूल दिली की अन्ननलिकेची पकड सैल पडते. पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. म्हणून हलकं खाणं सहा तास आधी बंद, तेलकट-तुपकट असेल तर आठ तास. दुधाचा चहा खाण्यातच धरतात. साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं.

भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर सासूबाईंनी खरं ते सांगितलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, आणि ते योग्यच झालं. पण बाहेर बाकावर चार नातेवाइकांपुढे नणंदबाई म्हणाल्या, ‘सुनेनं म्हातारीला उपाशी ठेवलं, मी चहा दिला तर माझंच चुकलं?’ दोन वर्षं झाली, लग्नकार्यात अजून हा विषय निघतो. नणंदबाई, मी त्यांना उपाशी ठेवलं ते त्या टेबलावरून परत याव्यात म्हणून. सगळ्या घरात डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकून घेतलेली मी एकटीच होते. तुमच्याकडेही ते ज्यानं ऐकलंय त्याचाच शब्द चालू द्या, मग ती सून का असेना.

वेळा मात्र तुमचे डॉक्टर सांगतील त्याच पाळा. साखरेच्या, बीपीच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं घरी ठरवू नका, आत्ताच फोन करून विचारा. नखांचं पॉलिश पुसा, बोटाला लावायच्या यंत्राला त्याचा अडथळा होतो. जोडवी आज रात्रीच काढा. सासूबाईंची साबण लावूनही निघेनात, शेवटी सोनाराकडून कापून घ्यावी लागली.