जुनी स्पोर्ट्स कार तपासणीला नेण्याआधी

पहिल्यांदाच वार्षिक तपासणीला गाडी नेताय, तर इंजिनाची चिंता जरा बाजूला ठेवा. जुन्या स्पोर्ट्स कारचा खरा शत्रू गंज. एमजीबी या ब्रिटिश गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, दाराखालचे सिल (पत्र्याचे पोकळ पट्टे) हाच तिचा कणा. वरून रंग चकचकीत असला तरी आतला पत्रा सडलेला असू शकतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा: चांगला पत्रा खणखणतो, गंजाची भोकं पुटीने (लांबी) बुजवलेला भद्द वाजतो. माझदा एमएक्स-५ असेल तर मागच्या चाकापुढचं सिलचं टोक आधी बघा. छपरावरचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या पानं-मातीने तुंबतात आणि पत्रा आतून कुजतो.

ट्रायम्फ स्पिटफायरवाल्यांनी पुढचे ट्रनियन, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात ते खालचे सांधे, कधीच विसरू नयेत. त्यांना ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल लागतं. कोरडे राहिले की झिजून मोडतात आणि चाक कोलमडतं. इथे चालढकल नको, अगदी कळकळीने सांगतो.

ब्रेकचे रबरी होज वाकवून भेगा शोधा. टायरची नक्षी शाबूत असली तरी वय बघा. बाजूवर २३१४ असेल तर तो २०१४च्या २३व्या आठवड्यातला. दिवे, हॉर्न, वायपर आदल्या दिवशीच तपासा.

कार्बोरेटरची गाडी चांगली तापवून न्या, थंड इंजिनावर धुराचे आकडे फसवे येतात. आणि जॅक कुठे लावायचा ते तपासनीसाला आधीच दाखवा.