हनुमानाचं 1818 वालं नाणं घेण्याआधी

बाबू,

फोटो पाहिले, दोन्ही बाजूचे. तांब्याचा गोल तुकडा, एका बाजूने हनुमान, दुसऱ्या बाजूने ईस्ट इंडिया कंपनी, यू के एल, वन आणा, 1818, आणि बाजारातला तो माणूस म्हणतो की दोनशे वर्षं जुनं आहे, घेऊन टाक, नंतर लाखात जाईल. नको घेऊ. ते नाणं नाही आणि धड मेडलही नाही. कंपनीने 1818 मध्ये असलं काही पाडलंच नव्हतं, एक आण्याचं नाणं चलनात आलं तेच मुळात 1907 मध्ये, सातव्या एडवर्डच्या काळात, निकेल मिसळलेलं, कंगोऱ्याच्या कडेचं. आता तुला कोणी म्हणेल की कंपनीने देवांची नाणी पाडली होती, तर हो, मद्रासकडे विष्णूच्या छापाचे सोन्याचे होन पाडले होते, ते खरं आहे, पण त्याचा तुझ्या ह्या तांब्याच्या चकतीशी काही संबंध नाही. असल्या चकत्या आजही पाडतात, राम दरबारच्या, कमळाच्या, शंकराच्या, वर 1616, 1717, 1818 असे वाचायला गोड वाटणारे आकडे टाकून. आकडा इतका सरळ दिसला की खिशातला हात बाहेर काढायचाच नाही.

आणि त्याच माणसाने उद्या तांदूळ ओढणाऱ्या नाण्याची गोष्ट काढली, राइस पुलर वगैरे, की शास्त्रज्ञ लोक करोडो देतात, तर तिथून चप्पल घालून निघायचं. आपल्याकडे लोकांनी वावरं गहाण टाकली आहेत बाप्पा ह्या नादात. मोबाईलवर येतं ना, जुनं नाणं द्या, रिझर्व्ह बँक लाखो देते, आधी थोडं कमिशन भरा, त्यावर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केलं होतं की आम्ही असला धंदा करत नाही. एवढं लक्षात ठेव, पुढे जाऊ.

रामटंका मात्र खोटाच असतो असं नाही. पूजेसाठी, देवाला वाहायला, देव्हाऱ्यात ठेवायला अशा चकत्या जुन्या काळापासून बनत आल्या आहेत, एका बाजूला सिंहासनावर राम-सीता आणि भोवती बाकी मंडळी, दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण. त्यावर साल असलं तरी ते मनाने घातलेलं असू शकतं. आवडला तर घे, पण धातूच्या भावाच्या आसपास घे आणि वहीत "पूजेचा टंका, साल भरवशाचं नाही" असंच लिही.

सालाचंच बोलतो, कारण नवीन पोट्टे इथंच सगळ्यात जास्त फसतात. मेडलवरचं साल हे बहुतेक वेळा घटनेचं असतं, बनवल्याचं नाही. मदर मेरीचं ते लंबगोल मेडल पाहिलं असशील, मिशनच्या दवाखान्यात नर्सबाईंच्या गळ्यात असायचं. मेरी पृथ्वीच्या गोळ्यावर उभी, पायाखाली साप, हातातून किरणं निघतात, मागे एम अक्षर आणि त्यावर क्रॉस, खाली दोन हृदयं, भोवती बारा तारे. त्यावर 1830 असतं. ते साल आहे पॅरिसमध्ये कॅथरीन लाबूरे नावाच्या तरुण जोगिणीला दर्शन झालं त्याचं. पहिलं मेडल पाडलं 1832 मध्ये, आणि तेव्हापासून आजपर्यंत पाडतातच आहेत, गेल्या महिन्यात पाडलं तरी 1830 च लिहिलेलं असणार. मग जुनं कसं ओळखायचं? कडी बघ, कडी झिजून पातळ झाली का. भोवतीची ओळ कोणत्या भाषेत आहे बघ. फ्रेंच असेल तर नवल वाटू देऊ नको, नागपूरच्या मिशनमध्ये फ्रान्सकडचे फादर लोक होते, तिथला धर्मप्रांत 1887 चा आहे, त्यांच्या हातून एखादं मेडल आपल्या खेड्यात आलं असेल तर त्यात अशक्य काही नाही. पण "असेल" आणि "आहे" ह्यात फरक ठेव. ज्या घरातून आलं त्या घरच्यांना विचारून लिहिलं तरच "आहे".

आणखी एक गंमत सांगतो, ही तुझ्याच घरात सापडेल. आजीची पुतळ्यांची माळ आहे ना, तिच्यातली एक पुतळी घे आणि मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन बघ. आता बनतात त्यावर लक्ष्मी असते, पण जुन्या पुतळीवर एक उभा माणूस आणि एक गुडघे टेकलेला माणूस आणि मधे झेंड्याची काठी दिसेल. उभा आहे तो सेंट मार्क आणि गुडघे टेकलेला आहे तो व्हेनिसचा राजा म्हण, त्यांच्याकडे त्याला डोज म्हणायचे. मागच्या बाजूला लंबगोलात येशू. व्हेनिसचं हे सोन्याचं डुकाट 1284 पासून पाडलं, साधारण साडेतीन ग्रॅमचं, आणि ते राज्य 1797 मध्ये संपेपर्यंत चाललं, व्यापारातून आपल्याकडे इतकं आलं की आपल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडायला सुरुवात केली. सोनाराला काही ती लिपी वाचता येत नव्हती म्हणून नकलेवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा झाल्या. आणि आपल्या बायांनी ती गळ्यात घातली, देवाचीच म्हणून. मला विचारशील तर अस्सल डुकाटापेक्षा ही रेघारेघांची नक्कल जास्त मोलाची आहे, कारण ती आपल्याकडची आहे. अर्थात आजीच्या गळ्यातून काढायची नाही, फोटो काढायचा.

आता लष्करी मेडलं. ती विकत घ्यायला जाऊ नको, आधी नात्यात आणि गावात विचार. पहिल्या महायुद्धात गेलेल्या माणसांची मेडलं कुठल्या तरी संदुकीत पडलेली असतात, लोक त्याला "बुढ्याचा बिल्ला" म्हणतात आणि पोरं खेळायला नेतात. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, साल 1914 आणि 1918, हे ब्रिटिश वॉर मेडल. बहुतेक चांदीचं, पण लेबर कोअरमधल्या लोकांना, म्हणजे ओझी वाहणारे, रस्ते खोदणारे, त्यांना ब्राँझचं दिलं होतं. म्हणून ब्राँझचं दिसलं की नकली म्हणून फेकू नको, उलट ते कमी सापडतं. आणि मग चेहऱ्याकडे नाही, कडेकडे बघ. मेडल उभं धर, ट्यूबलाईटखाली हळूहळू फिरव, कडेवर इंग्रजीत बारीक ठशांनी नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली असते. नाव घासून काढलेलं असेल तर त्या जागी कड थोडी खोल आणि जास्त चकचकीत दिसते, बोटालाही लागते. मेडल पाडलं लाखांनी, पण ती कड एकाच माणसाची असते. चांदीचा भाव चढतो तेव्हा अशीच मेडलं मोडीत जातात, सराफ टंच म्हणजे चांदी किती शुद्ध ते बघतो, कड कोण वाचतो.

दरबाराच्या मेडलांचं थोडक्यात सांगतो कारण ती बाजारात फार फिरतात. 1877, 1903, 1911, इंग्रज राजा-राणीच्या नावाने भरलेले हे तिन्ही दरबार दिल्लीचे. सरकारने दिलेलं खरं मेडल वेगळं आणि त्या-त्या वेळी आठवण म्हणून बनलेले हलके बिल्ले वेगळे, भावात जमीन-आसमानाचा फरक, आणि विकणारा दोन्हीला एकच नाव सांगतो. आणि कोणी 1877 चं "एम्प्रेस" लिहिलेलं मेडल आणून हे आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचं आहे म्हणाला तर हसू आवर. टाटांची मिल सुरू झाली 1 जानेवारी 1877 ला आणि व्हिक्टोरिया बाई हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं तेही त्याच दिवशी, मिलचं नाव तिच्यावरून पडलं, म्हणून लोकांची गफलत होते.

काही वस्तू मात्र अशा आहेत ज्या कोणी देतो म्हणाला तरी घ्यायच्या नाहीत, निदान मी घेत नाही. एक म्हणजे देव्हाऱ्यातले टाक. चांदीच्या पत्र्यावर ठशाने उठवलेला खंडोबा, भवानी, एखाद्या घरचा वीर. भाऊ-भाऊ वेगळे झाले किंवा टाक झिजला की सोनाराकडे येतो, आणि तुला वाटेल की वितळण्यापेक्षा माझ्याकडे राहिलेला बरा. तर सोनाराला म्हण की मला टाक नको, ठसा दाखव. जुन्या सोनाराकडे पिढीजात ठसे असतात, त्यावर पत्रा ठेवून ठोकतात, आणि ठसा हातात घेतला की देव उलटा आणि खोल दिसतो, तलवार डाव्या हातात. ठशावर थोडी ओली माती दाबून छाप घे, फोटो काढ, कोणत्या गावचे लोक कोणता देव करून नेतात ते विचार. एका दुपारी जे कळेल ते टाक विकत घेऊन कळणार नाही. दुसरं म्हणजे ताम्रपट. 1972 ला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्वातंत्र्यसैनिकांना दिले होते, आणि आष्टी-चिमूरकडे ऑगस्ट 1942 मध्ये चले जावच्या वेळी जो उठाव झाला त्यामुळे आपल्या भागात काही घरांत ते आहेत. नातवाला पैशाची गरज आहे म्हणून तो विकतो म्हणेल. फोटो घे, नाव-गाव लिही, आणि त्यालाच एक फ्रेम करून दे. मग तो विकत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

आणि वावरात नांगरताना काही निघालं तर ते लगेच तुझं होत नाही, वावर तुझं असलं तरी. 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीतून निघालं की कलेक्टरला कळवायचं. लोक घाबरतात आणि रातोरात वाटून टाकतात. आता बघ, मंगरूळपीरकडच्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला, दिसायला अगदीच भिकार, शिशासारखी मिश्र धातूची नाणी, एक-एक करून विकली असती तर भंगारात गेली असती. साठा एकत्र हाती लागला, जुने लेख आणि नाणी वाचणारे आपल्या नागपूरचे अभ्यासक वा. वि. मिराशी, त्यांनी एकेक नाणं वाचलं आणि त्यातून काही सातवाहन राजांची नावंच नव्याने कळली, पुराणांच्या यादीतही नसलेली. एकाच ठिकाणी, एकाच वेळी निघाली हे माहीत होतं म्हणून ते जमलं. वस्तू शंभर वर्षांपलीकडची असेल तर 1972 चा पुरावशेषांचा कायदाही लागतो, परदेशात पाठवायची नाही, कुरिअरवाला काहीही म्हणो.

मग गोळा काय करायचं म्हणशील. जे कोणी गोळा करत नाही ते. शेगावच्या दुकानातलं गजानन महाराजांचं ॲल्युमिनियमचं लॉकेट, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विकतात ते बाबासाहेबांचे पत्र्याचे बिल्ले, ताजबागच्या उरुसातले ताईत, मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मिळणारे बॅज. दहा-वीस रुपयांचा माल, पुढच्या वर्षी डिझाईन बदलतं आणि मागचं कुठंच राहत नाही. घेतलंस की त्याच दिवशी पाकिटावर लिही, कुठे, कोणत्या दिवशी, केवढ्याला, आणि दुकानदाराने माल कुठून आणला ते. तो सांगतो, विचारलं की सांगतात लोक, फक्त गर्दीत विचारायचं नाही, संध्याकाळी दुकान आवरताना विचारायचं.

चांदी ओळखायचा कस सोनाराकडे लावू नको, ओरखडा पडतो. ऑनलाईन एक छोटा डिजिटल काटा मागव, पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा. मेडलचं वजन घे, समजा 20 ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून काटा झिरो कर, मेडलला बारीक दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडव पण तळाला टेकू देऊ नको, काटा आता काहीतरी दाखवेल. 1.9 दाखवलं तर वीसला 1.9 ने भाग, साडेदहा येतं, म्हणजे पाण्याच्या साडेदहा पट जड, म्हणजे चांदी. 2.3 दाखवलं तर उत्तर पावणेनऊच्या खाली येतं, तांबं-पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. साडेअकराकडे चाललं तर आत शिसं आहे. आधी चुंबक लावून बघायचंच, पण चुंबकाला चिकटलं नाही म्हणून चांदी झाली असं नाही, पितळही चिकटत नाही.

आणि हात जोडतो, घासू नको. चिंच नको, राख नको, पितांबरी नको. आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत ती पितळी भांड्यांबरोबर तुझी मेडलंही चकचकीत करून ठेवेल आणि वरून कौतुकाची वाट बघेल. कळकलेलं असू दे, काळं पडलेलं असू दे, फक्त हिरवी भुकटी सुटत असेल तर ते वेगळं ठेव, बाकीच्यांना लागू देऊ नको. मऊ प्लॅस्टिकच्या ज्या पिशव्या वास मारतात त्यांत ठेवायचं नाही, काही वर्षांत मेडलवर हिरवट चिकट थर येतो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीला काळं करतात. साधी जाड पांढऱ्या कागदाची पाकिटं शिवून घे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कूलर. आपल्याकडे लोकांना वाटतं मेडलं पावसाळ्यात खराब होतात, पण एप्रिल ते जून ज्या खोलीत कूलर चालतो तिथली आलमारी आतून किती ओलसर होते ते हात लावून बघ. डबा त्या खोलीत ठेवायचा नाही, मागच्या कोरड्या खोलीत ठेव, चुलीपासून लांब.

तुझ्या मावशीच्या सासरी पलटणीतला माणूस होता असं तू मागे म्हणाला होता. तिकडे कधी जातोस ते कळव. जाताना भिंग आणि काटा घेऊन जा, त्या कडेचे चार बाजूंनी फोटो काढ, उजेड तिरपा ठेव, फ्लॅश मारू नको. आणि त्या घरातली म्हातारी बाई असेल तिच्या शेजारी आधी बस, चहा घे, मेडलचा विषय तिलाच काढू दे. फोटो मला पाठव, हुद्द्याची आणि पलटणीची अक्षरं आपण फोनवर बसून लावू. तूर निघाली की मी मोकळाच आहे.

तुझा,
काका